भरतीची तयारी : मैदानावरची आणि ताटातली

पहाटे साडेचारच्या सुमारास आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडावे, तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. अलीकडे मुलीही दिसतात, ही फार चांगली गोष्ट आहे. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला वनरक्षक. बहुतेक मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची. घरून महिन्याला ठरावीक पैसे येतात आणि त्यात चौघांत एक खोली, खानावळ आणि अभ्यासिकेची फी भागवायची असते. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु ही मुले दवाखान्यात येतात तेव्हा त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. धावताना चक्कर येते, पोटरीत गोळे येतात, नडगी दुखते, छातीत धडधडते, वजन वाढत नाही. आणि उठता उठता शेवटची मागणी असते, "डॉक्टर, ताकदीचं काहीतरी लिहून द्या." आजचा लेख या 'ताकदीच्या काहीतरी'विषयी आहे.

प्रथम या मुलांचा दिवस पाहू. पहाटे चारला उठणे, कोरा चहा, फार तर दोन बिस्किटे. मग तास-दीड तास धावणे, गोळाफेक, बैठका. परत येताना स्टँडजवळ वडापाव किंवा पोहे आणि पुन्हा चहा. दुपारी एकला खानावळ. तिथे पाण्यासारखे वरण, बटाट्याची भाजी आणि भात. दिवसभर अभ्यासिकेत तीन-चार चहा. रात्री नऊला पुन्हा तीच खानावळ. त्यानंतर अंथरुणावर पडून मोबाईल, तो बारापर्यंत. म्हणजे झोप मिळाली चार तास.

या दिवसात सर्वांत कठीण श्रम कोणत्या वेळी आहेत? पहाटे. आणि पोट सर्वांत रिकामे कधी असते? तेही पहाटे. आपले यकृत साखरेचा थोडा साठा करून ठेवते. रात्रभर आपण झोपलेले असतो तेव्हा मेंदूचे काम मुख्यतः याच साठ्यावर चालते. पहाटेपर्यंत तो बराचसा संपत आलेला असतो. त्यावर पुन्हा जोरात धावले की डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय कापतात. मुलांना वाटते आपण अशक्त आहोत. वास्तविक गाडी चांगली असते, तिच्यात इंधन नसते. धावण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा तीन-चार खजूर आणि एक पेला पाणी, एवढे घेतले तरी पुष्कळ फरक पडतो. चहाच हवा असेल तर घ्यावा, पण चहा म्हणजे न्याहारी नव्हे.

धावून आल्यावर तासाभरात मात्र व्यवस्थित खाल्ले पाहिजे. श्रमाने स्नायूंची जी झीज होते ती भरून काढण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि त्याला लागणारा माल पोटातूनच जातो. वडापावात पीठ, बटाटा आणि तेल आहे. पोट भरते, उष्मांकही मिळतात, परंतु प्रथिने फारशी नाहीत. त्यापेक्षा आदल्या रात्री भिजवलेले हरभरे किंवा मोड आलेली मटकी, दोन उकडलेली अंडी, एक भाकरी किंवा पोळी, असे काही असावे. खोलीवर स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी असेल तर हे करायला पंधरा मिनिटे लागतात.

प्रथिनांचा हिशेब

डब्यातल्या भुकटीचा मोह टाळायचा असेल तर हा हिशेब प्रत्येक मुलाने एकदा मांडून पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सर्वसाधारण प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. साठ किलोच्या माणसाला ती साधारण ५० ग्रॅम होतात. जो रोज कसून व्यायाम करतो त्याला अधिक लागतात, म्हणजे ७० ते ९० ग्रॅम धरू. हा आकडा ऐकून मुले घाबरतात आणि दुकानाकडे वळतात. आता आपल्या घरचे जेवण मोजू. दिवसाला ज्वारीच्या चार भाकरी, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम पीठ, त्यातून ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ एक-एक वाटी, त्याचे १४ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. पन्नास ग्रॅम हरभरे, ९ ग्रॅम. दोन अंडी, १२ ग्रॅम. झाले ७२. वर एक पेला दूध किंवा वाटीभर दही घेतले की आपण ऐंशीच्या जवळ गेलो. अंडी चालत नसतील त्यांनी दिवसाला अर्धा लिटर दूध घ्यावे, त्यातून १६ ग्रॅम मिळतात.

यातली कोणतीही वस्तू आपल्या बाजारात दुर्मिळ नाही. दोन-तीन हजारांचा एक डबा महिनाभरात संपतो. तेवढ्या पैशात रोज दोन अंडी चार-पाच महिने खाता येतात. शिवाय डब्यात काय आहे हे आपल्याला माहीत नसते. 'वजन वाढवणारी' म्हणून जी भुकटी विकली जाते तिच्यात पुष्कळदा साखर आणि स्टार्चचाच भरणा अधिक असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही शरीर कमावण्यासाठी अशी प्रथिनांची भुकटी घेऊ नये असेच सांगितले आहे.

अंडी कच्ची, दुधात फोडून पिण्याची पद्धत आपल्या तालमींपासून चालत आली आहे. ती सोडावी. कच्च्या अंड्यातील जवळजवळ निम्मे प्रथिन अंगी लागत नाही आणि जुलाब होण्याची भीती असते ती वेगळीच. उकडलेले अंडे अधिक चांगले पचते.

उंचीबद्दलही एक शब्द. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. एक-दोन सेंटिमीटर कमी पडतात आणि मग जाहिरातीतल्या औषधांवर पैसे जातात. हाडांची वाढ होण्याची जी टोके असतात ती साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत जुळून बंद होतात. त्यानंतर कोणतीही गोळी, भुकटी किंवा लोंबकळण्याचा व्यायाम उंची वाढवीत नाही. आईवडिलांनी लक्षात घ्यायचे ते असे की उंचीसाठी जे काही करायचे ते मूल शाळेत असतानाच, दूध, डाळी, अंडी, भाज्या आणि पुरेशी झोप यांच्या रूपाने करायचे असते.

गोळ्या आणि इंजेक्शने

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. वजन वाढवण्यासाठी म्हणून ज्या सुट्या गोळ्या कागदात बांधून दिल्या जातात, त्यांत बहुधा दोन औषधे असतात. एक सिप्रोहेप्टाडिन, त्याने भूक वाढते आणि दिवसभर गुंगी येते. दुसरे डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉईड. हे औषध वाईट नाही, योग्य रुग्णाला ते जीवदान देते. पण धडधाकट मुलाने ते महिना-दोन महिने घेतले की चेहरा गोल होतो, गाल वर येतात, पोट सुटते. घरचे म्हणतात, पोराला तब्येत आली. खरे तर अंगात पाणी आणि चरबी साठलेली असते. दंड-मांड्यांचे स्नायू उलट बारीक होत जातात, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. एवढेच नाही. बाहेरून स्टिरॉईड मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. मग गोळ्या एकदम बंद केल्या की रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. म्हणून ज्यांनी अशा गोळ्या महिना-दोन महिने घेतल्या असतील त्यांनी त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना खरे सांगून हळूहळू कमी करून घ्याव्यात. कोणी रागावणार नाही. रागावले तरी ऐकून घ्यावे.

दुसरा प्रकार धावण्यापूर्वीच्या इंजेक्शनचा. मेफेन्टरमिन नावाचे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी, कमरेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर तो वाढवण्यासाठी वापरतात. हे औषध व्यायामशाळांतून आणि मैदानांवर 'दम वाढवायचे' म्हणून चोरून पोहोचते. त्याने दम वाढत नाही. थकल्याची जाणीव दडपली जाते, नाडी आणि रक्तदाब भलतेच चढतात. थकवा हा शरीराने दिलेला इशारा आहे. तो दाबून टाकला की माणूस जिथे थांबायला हवे तिथे थांबत नाही आणि हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. वीस वर्षांच्या मुलालाही येऊ शकतो.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हे त्या मानाने साधे वाटते. डायक्लोफिनॅकसारखी गोळी, त्यात पाणी कमी प्यालेले, त्यात ऊन, असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण पडतो. जोराच्या व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. स्नायू फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण आहे. नडगी सतत दुखत असेल तर गोळीऐवजी दोन-तीन आठवडे धावणे थांबवावे किंवा मऊ मातीच्या मैदानावर न्यावे. पहिल्याच महिन्यात डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यांच्या हाडाला बारीक तडा गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवावे. तसेही पोलीस शिपायाच्या चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटरच धावायचे असते.

मुलींसाठी

मुलींच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न हिमोग्लोबिनचा असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते, म्हणजे मुलांनीही निर्धास्त राहू नये. मुलीचे हिमोग्लोबिन निदान १२ असावे. ते ८ असेल तर तिचे रक्त प्रत्येक फेरीत एक तृतीयांश प्राणवायू कमी वाहून नेते. हृदय ती तूट जोरजोरात धडधडून भरून काढते. अशा मुलीने कितीही सराव केला तरी ८०० मीटरला तिची वेळ सुधारत नाही आणि प्रशिक्षक तिला आळशी ठरवतात.

दम लागणे, जिना चढताना धडधडणे, केस गळणे या खुणा सर्वांना ठाऊक आहेत. एक खूण मुली लाजून सांगत नाहीत. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होणे. ही वाईट खोड नसून बहुतेक वेळा लोह कमी असल्याचे लक्षण असते. पाळीत फार रक्त जाणे, अनवाणी शेतात काम केल्याने होणारे आकडी जंत, आणि घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे, ही आपल्याकडची तीन मोठी कारणे. तिसऱ्या कारणावर माझ्याकडे औषध नाही, ते घरातल्यांनीच पाहायचे आहे.

लोह मिळते बाजरीतून, मटकी-हरभऱ्यातून, अळिवातून, पालेभाज्यांतून, आणि खात असल्यास मटण व कलेजीतून. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते ही समजूत खरी नाही, त्यात लोह अगदी थोडे असते. वनस्पतींतले लोह सहज शोषले जात नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाची मदत लागते, म्हणून उसळीवर लिंबू पिळावे, जेवणासोबत आवळा किंवा पेरू खावा. याउलट चहा ते शोषण अडवतो. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा घेऊ नये, हा साधा नियम पाळला तरी ताटातले लोह वाया जाणार नाही.

हिमोग्लोबिन बरेच कमी असेल तर मात्र आहारावर भागत नाही, गोळ्याच लागतात. त्याने शौचाला काळे होते, घाबरू नये. गोळी चहा-दुधासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी. साधारण दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढते. म्हणजे ८ वरून १२ वर यायला दोन-अडीच महिने हवेत, आणि त्यानंतरही शरीरातला साठा भरण्यासाठी गोळ्या तीन महिने चालू ठेवायच्या असतात. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर रक्त तपासून उपयोग नाही तो यासाठी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते आणि जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती मुली पुष्कळदा दप्तरात टाकून देतात. ती घ्यावी.

उपवासाविषयी लिहिले की पत्रे येतात, तरी लिहितो. श्रद्धेला माझा विरोध नाही, साबुदाण्याला आहे. त्यात पिठूळ पदार्थाखेरीज जवळजवळ काही नसते. सरावाच्या दिवसांत उपवास असेल तर भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दूध, ताक, फळे घ्यावीत. आठवड्यात दोन-दोन उपवास आणि रोजचे धावणे एकत्र जमत नाही. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर तो 'सरावाचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नये. त्या काळात तिची हाडे ठिसूळ होत असतात.

मैदानावर मुतारीची सोय नसते म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हेही मी नेहमी ऐकतो. मग चक्कर येते आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. ज्या अकादम्या मुलींकडून फी घेतात त्यांनी एवढी सोय करणे अवघड नाही.

विदर्भात आणि नंदुरबार, धुळे, पालघरसारख्या आदिवासी भागांत मूळ असलेल्या मुलामुलींनी सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात होते. सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्या माणसाला एरवी काही त्रास नसतो, परंतु कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम ताकदीबाहेर धावल्यास तो धोक्यात येऊ शकतो. वाहक असल्याने धावायला बंदी नाही. सराव हळूहळू वाढवायचा आणि पाणी सोडायचे नाही.

तंबाखू, थंड पेये आणि झोप

राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण मावा आणि खर्रा मिळायचा थांबलेला नाही. भरतीच्या मुलांत तो 'झोप येऊ नये' म्हणून खाल्ला जातो. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील, किंवा तिखट खाल्ले की तोंडाची आग होत असेल, तर सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडू लागली आहे असे समजावे. पुढे त्यातूनच कर्करोग होऊ शकतो. ज्या मुलाचे तोंड उघडत नाही तो पौष्टिक तरी काय खाणार?

उत्तेजक पेयांच्या डब्यांत कॅफिन असते, कायद्याने लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे पाव लिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅम, साधारण एका कडक कॉफीइतके. वर भरपूर साखर. धावण्यापूर्वी ते पिऊन काही साधत नाही. तहानेला पाणी, आणि घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून, वर लिंबू पिळून घ्यावे. चमचा चहाचा घ्यायचा.

झोपेची गोष्ट थोडक्यात. स्नायूंची दुरुस्ती आणि पाठ केलेले डोक्यात पक्के होणे, ही दोन्ही कामे झोपेत होतात. पहाटे चारला उठणाऱ्याने रात्री नऊ-साडेनऊला झोपले पाहिजे. ते जमत नसेल तर पाचला, साडेपाचला उठून धावावे. अंधारात महामार्गावर धावण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे.

चाचणीच्या दिवशी

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार मृत्युमुखी पडले, हे वाचकांना आठवत असेल. लांबून येणारी मुले रात्रीच्या गाडीने उभ्याने प्रवास करतात, फलाटावर किंवा फुटपाथवर झोपतात आणि सकाळी उपाशीपोटी रांगेत उभी राहतात. नंबर लागेपर्यंत ऊन चढलेले असते. उन्हाची सवय शरीराला व्हायला दहा-बारा दिवस लागतात. चाचणी उन्हाळ्यात किंवा दमट हवेच्या गावी असेल तर आधीचे दोन आठवडे थोडा सराव सकाळी आठनंतर करावा, म्हणजे घाम येण्याची यंत्रणा तयार होते.

शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचावे. आदल्या रात्री नेहमीचेच जेवण घ्यावे, नव्या गावातली तर्रीदार मिसळ परतताना खावी. सकाळी दोन-तीन तास आधी पोळी, केळे किंवा पोहे असे हलके खावे. अंगात ताप असेल किंवा आदल्या दिवशी जुलाब झाले असतील तर धावू नये. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते आणि अशा वेळी जोर केल्यास जिवावर बेतते. धावताना छातीत दुखले, थंडी वाजल्यासारखे झाले किंवा बोलताना शब्द अडखळू लागले तर तिथेच थांबून सावलीत बसावे आणि मैदानावरच्या वैद्यकीय पथकाला हाक मारावी. शेजारचा कोणी असा भेलकांडताना दिसला तर त्याला आडवे करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

पिशवीत कागदपत्रांबरोबर दोन केळी, शेंगदाण्याचे दोन लाडू, पाण्याची मोठी बाटली, क्षारसंजीवनीची एक पुडी आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.